चाचणी फसली, मग कळलं काय? एचआयव्ही लशीच्या चाळीस वर्षांचा फेरविचार

नमनाला घडाभर तेल न घालता थेट दोन तारखांकडे जाऊ.

पहिली तारीख २३ एप्रिल १९८४. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी पत्रकारांना सांगितलं, की एड्सला कारणीभूत असणारा विषाणू सापडला आहे. (पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मंडळींना तो आदल्या वर्षीच सापडला होता, पण त्या भांडणात आज शिरायला नको.) साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार असेल, अशी आशाही त्यांनी त्याच वेळी व्यक्त केली. दुसरी तारीख १८ मे १९९७. मॉर्गन स्टेट विद्यापीठातल्या भाषणात अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दहा वर्षांत लस तयार करण्याचं उद्दिष्ट देशापुढे ठेवलं. आजही १८ मे हा एड्स लस दिन म्हणून पाळतात, तो याच भाषणामुळे.

दोन वर्षं सरली, दहाही सरली. क्लिंटन यांची मुदत संपली ते साल २००७, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या लशीची चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिच्याकडे आपण येऊच.

या इतिहासावर सहसा दोन प्रकारची भाषणं ऐकू येतात. एक रडगाण्याचं आणि दुसरं 'आशेचा किरण' छापाचं. आम्हाला उशिराबद्दल फारशी तक्रार करायची नाही. विषाणूच तसा चिवट आहे, ते पुढे दिसेल. तक्रार आहे ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीबद्दल. हजारो माणसांच्या दंडात सुई टोचायची, चार-पाच वर्षं थांबायचं आणि उत्तर 'नाही' असं आलं, तर निदान त्या 'नाही'तून काहीतरी हाती लागलं पाहिजे. नेमकं काय चुकलं, कोणती वाट बंद झाली, एवढं तरी. बराच काळ या क्षेत्रात तेही लागत नव्हतं. त्यामुळे पुढची चाचणी म्हणजे ये रे माझ्या मागल्या.

आधी विषाणूबद्दल थोडं. कारण 'करोनाची लस वर्षभरात आली, मग हिलाच काय झालं' हा प्रश्न आम्हाला प्रत्येक व्याख्यानानंतर येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

करोना झालेली बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. म्हणजे त्या विषाणूला हरवायचं कसं हे शरीराला ठाऊक असतं. लस फक्त ते आधी शिकवून ठेवते. देवी, गोवर, पोलिओ यांचंही तेच. एचआयव्हीच्या बाबतीत नक्कल करायला असा नमुनाच समोर नाही. काही थोडी माणसं औषधांशिवाय विषाणूला वर्षानुवर्षं दाबून ठेवतात, पण संसर्ग झाला आणि सर्वसाधारण रुग्णाचं शरीर त्यातून आपसूक मोकळं झालं, असं होत नाही. विषाणू आपली जनुकीय प्रत आपल्याच पेशींच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो, आणि तेही संसर्गानंतरच्या अगदी थोड्या दिवसांत. एकदा ते झालं की उशीर झाला. शिवाय तो शिरतो त्या सीडी-४ पेशी, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीचे कारभारीच. लशीने या पेशी जाग्या केल्या, तर कधीकधी विषाणूला आयतं भक्ष्यच मिळण्याची भीती.

आणि त्याचं रूप? गुणाकार होताना तो इतक्या चुका करतो, की एकाच रुग्णाच्या शरीरात काही वर्षांत त्याच्या असंख्य आवृत्त्या तयार होतात. बाहेरच्या काट्यांवर साखरेच्या रेणूंचं दाट आवरण असतं. हे आवरण आपल्याच पेशींनी चढवलेलं, त्यामुळे शरीराला ते परकं वाटत नाही. आणि काटेही मोजकेच. फ्लूच्या विषाणूवर ते शेकड्यांनी असतात, एचआयव्हीच्या एका कणावर सरासरी चौदाच्या आसपास. इतके विरळ, की प्रतिपिंडाला आपले दोन्ही हात एकाच वेळी टेकवायला जागा मिळत नाही.

तेव्हा करोनाशी तुलना केली की एचआयव्हीच्या संशोधकांवर अन्याय होतो. पण म्हणून त्यांच्या निर्णयांची चिकित्साच करायची नाही, असं होत नाही.

पहिल्या फळीतली लस होती एड्सव्हॅक्स. कल्पना सरळ: विषाणूच्या काट्यावरचं जीपी१२० हे प्रथिन द्यायचं, हिपॅटायटिस-बीच्या लशीसारखं. एक चाचणी मुख्यतः उत्तर अमेरिकेत सुमारे पाच हजार चारशे लोकांवर, दुसरी बँकॉकमध्ये शिरेतून नशा करणाऱ्या सुमारे अडीच हजार जणांवर. २००३ मध्ये दोन्हींचा निकाल लागला. संरक्षण नाही. प्रतिपिंडं तयार झाली होती, पण रुग्णांच्या शरीरात खरोखर फिरणाऱ्या विषाणूवर ती चालत नव्हती.

मग पारडं दुसरीकडे झुकलं. प्रतिपिंडं जमत नाहीत ना, मग टी-पेशींना कामाला लावू. मर्क कंपनीने सर्दीच्या एका विषाणूच्या, अ‍ॅडिनोव्हायरस-५ च्या, पाठीवर एचआयव्हीची जनुकं बसवली. ही ती २००७ ची 'स्टेप' चाचणी, तीन हजार स्वयंसेवकांची. संरक्षण तर मिळालं नाहीच. ज्यांना आधीच त्या सर्दीच्या विषाणूची ओळख होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती, अशा पुरुषांत लस घेतलेल्यांना संसर्ग जास्त झालेला दिसला. दक्षिण आफ्रिकेत त्याच लशीची 'फंबिली' चाचणी चालू होती, तीही थांबवली.

इथे एक गोष्ट नीट बघा. ही लस माकडांमध्ये चालली होती. पण कोणत्या विषाणूविरुद्ध? प्रयोगशाळेत जोडून तयार केलेल्या, तुलनेने सहज आवरता येणाऱ्या एका संकरित विषाणूविरुद्ध. माकडांच्या अधिक चिवट विषाणूसमोर तिची कामगिरी फिकी होती, आणि ते तेव्हाही माहीत होतं. म्हणजे सोप्या पेपरात पास झालेल्या मुलाला अवघड परीक्षेला बसवलं, आणि नापास झाल्यावर सगळे चकित झाले.

आता थायलंड. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची अकरा वर्षं या एका निकालाभोवती फिरली.

रयोंग आणि चोनबुरी या दोन प्रांतांत १६,४०२ लोकांवर आरव्ही-१४४ नावाची चाचणी झाली. लशी दोन: आधी कॅनरी पक्ष्याच्या देवीच्या विषाणूवर स्वार केलेली एक, नंतर तीच जुनी एड्सव्हॅक्स, म्हणजे जी एकटी नापास झाली होती ती. चाचणी सुरू होताना मोठा वाद झाला. २००४ मध्ये बावीस संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहून विचारलं, की या जोडीला शास्त्रीय आधार काय? एवढा खर्च कशासाठी?

सप्टेंबर २००९ मध्ये निकाल लागला. प्लासिबो, म्हणजे नुसतंच टोचलेल्या गटात ७४ जणांना संसर्ग, लस घेतलेल्या गटात ५१. परिणामकारकता ३१.२ टक्के. जगभर मथळे झळकले: पहिल्यांदाच लशीने काहीतरी केलं!

आकडे जरा उलगडून बघू. प्रत्येक गटात सुमारे आठ हजार माणसं आणि फरक २३ जणांचा. निकालाचं विश्लेषण तीन प्रकारे केलं होतं. त्यांतल्या एकाच पद्धतीत तो योगायोग असण्याची शक्यता नेहमीच्या पाच टक्क्यांच्या रेषेच्या आत, चार टक्के, येत होती. उरलेल्या दोहोंत ती आठ आणि सोळा टक्के होती. जी पद्धत पुढे केली गेली ती गैर नव्हती. चाचणीच्या सुरुवातीलाच ज्यांना संसर्ग झालेला होता त्यांना तिने वगळलं होतं, आणि ते समंजसच आहे. तरीही हा पाया भुसभुशीत होता, हे कबूल करायला हवं. पुढे २०१२ मध्ये रक्ताच्या नमुन्यांचा अभ्यास झाला आणि काट्याच्या व्ही१-व्ही२ या भागाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा संरक्षणाशी संबंध दिसला. दुवा सापडला, असं वाटलं.

त्या दुव्यावर विसंबून दक्षिण आफ्रिकेत एचव्हीटीएन-७०२ ही चाचणी २०१६ मध्ये उभी राहिली. 'उहांबो' असंही तिचं नाव. थायलंडचीच लस, पण सुधारून. आफ्रिकेत विषाणूचा 'सी' उपप्रकार चालतो, म्हणून लशीतला विषाणू बदलला. लशीचा जोर वाढवणारा पदार्थ बदलला, तुरटीच्या जातीतल्या अ‍ॅलमऐवजी एमएफ-५९ घातला. लोकही बदलले: थायलंडमध्ये तुलनेने कमी धोक्याचा समाज, इथे प्रामुख्याने जगातला सर्वाधिक संसर्ग झेलणाऱ्या तरुण मुली. मोठ्या चाचणीआधीच्या छोट्या चाचणीत प्रतिकारशक्तीचे जे निकष ठरवले होते, ते लशीने पार केले होते. ५,४०७ जणांनी भाग घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये ती थांबवल्याचं जाहीर झालं तेव्हा लस घेतलेल्यांत १२९ आणि प्लासिबोवाल्यांत १२३ संसर्ग झाले होते.

आता सांगा, काय चुकलं? उपप्रकार? जोर वाढवणारा पदार्थ? की तिथल्या संसर्गाचा मारा इतका होता, की तीस टक्क्यांची ढाल पुरलीच नाही? की थायलंडचे ते २३ जण मुळात योगायोगच होते? यातल्या कशाचंच उत्तर त्या चाचणीतून नीट देता येत नाही, कारण सगळ्या गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. आमटी बिघडली, मीठ, मसाला, डाळ आणि चूल चारही बदललेली. दोष कुणाचा? स्वयंपाकघरात जे कुणी करणार नाही ते इथे हजारो माणसांवर आणि कोट्यवधी डॉलरवर केलं गेलं. त्यात कुणाची लबाडी नव्हती, घाई होती. आफ्रिकेत रोज मुली आजारी पडत असताना ती घाई समजण्यासारखीही आहे. पण घाईची किंमत अशी, की बावीस संशोधकांचं पत्र बरोबर होतं की चूक, हेही आज खात्रीने सांगता येत नाही.

त्यानंतरच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात, कारण कथानक तेच. अ‍ॅडिनोव्हायरस-२६ वरची 'मोझेक' लस माकडांत ६७ टक्के परिणामकारक. दक्षिण आफ्रिका आणि आसपासच्या देशांतल्या सुमारे २,६०० तरुणींवरच्या 'इंबोकोडो' चाचणीत, २०२१ मध्ये, २५ टक्के, आणि तोही आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. तिच्या भावंडाची, 'मोझाइको'ची, चाचणी जानेवारी २०२३ मध्ये बंद. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली 'प्रेपव्हॅक' डिसेंबर २०२३ मध्ये बंद.

आणि आपल्याकडे? पुण्यात भोसरीला पूर्वीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'नारी'च. २००५ च्या फेब्रुवारीत भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी तिथे सुरू झाली. ३० स्वयंसेवक. लशीतली जनुकं 'सी' उपप्रकाराची, म्हणजे आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या विषाणूची. प्रतिसाद जेमतेम आला आणि ती लस पुढे गेली नाही. नंतर चेन्नईत दुसरी एक लस तपासली गेली, मग दोन्ही शहरांत मिळून आणखी एक. या छोट्या, सुरक्षितता बघणाऱ्या चाचण्या होत्या. त्यांच्याकडून संरक्षणाचं उत्तर मागणंच चूक.

पण त्या तीस जणांचा विचार करा. लस घेतल्यावर शरीरात एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि आपली नेहमीची रक्ततपासणी नेमकी तीच प्रतिपिंडं शोधते. म्हणजे संसर्ग नसताना रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येण्याची शक्यता. तो खोटा आहे हे विषाणूची थेट तपासणी करून दाखवता येतं, ठीक आहे. पण लग्न जमवताना, विमा काढताना, रक्तदानाच्या शिबिरात, बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावर कुणाकुणाला समजावत बसायचं? २००५ सालच्या महाराष्ट्रात? हे सगळं ऐकून घेऊन जे पुढे आले त्यांचं आपल्यावर ऋण आहे. आमच्या मते लशीच्या चाचणीचा खरा जमाखर्च इथून सुरू व्हायला हवा. माणूस स्वतःचं एवढं पणाला लावतो, तेव्हा त्याला विचारलेला प्रश्न तितका नेमका आहे का?

नेमका प्रश्न कसा असतो याची दोन उदाहरणं आहेत, आणि फेरविचार म्हणतात तो खरा इथेच चालू आहे.

काही रुग्णांच्या शरीरात बऱ्याच वर्षांनंतर अशी प्रतिपिंडं तयार होतात, जी विषाणूच्या कितीतरी आवृत्त्यांना एकदम निकामी करतात. त्यांना व्यापक प्रतिपिंडं म्हणू. त्या रुग्णाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, विषाणू तोवर पुढे निघून गेलेला असतो. पण ती आधीपासून शरीरात असतील तर? हे तपासायला व्हीआरसी-०१ नावाचं असं एक प्रतिपिंड सुमारे ४,६०० लोकांना दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून दिलं. २०२१ चा निकाल: एकूणात संसर्ग रोखला गेला नाही. वर्तमानपत्रांच्या भाषेत 'अपयश'. पण ज्या विषाणूंवर हे प्रतिपिंड प्रयोगशाळेत चांगलं चालतं, त्या विषाणूंपुरता बघितलं तर संरक्षण सुमारे ७५ टक्के. म्हणजे तत्त्व खरं ठरलं, एकच प्रतिपिंड पुरत नाही हे कळलं, आणि रक्तात साधारण किती ताकद लागेल याचं मापही मिळालं. इथे 'नाही'ने पुढचा रस्ता दाखवला.

दुसरं उदाहरण विल्यम शीफ आणि सहकाऱ्यांचं. व्यापक प्रतिपिंड एका उडीत तयार होत नाही. ते बनवू शकणारी मूळ बी-पेशी काही लाखांत एखादीच, आणि तिला टप्प्याटप्प्याने बदलत न्यावं लागतं. तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी लहान होता: ती मूळ पेशी आपल्याला जागी तरी करता येते का? अमेरिकेत ४८ जणांची चाचणी झाली. त्यांतल्या ३६ जणांना लस दिली आणि ३५ जणांमध्ये त्या पेशी जाग्या झाल्या. राहिलेल्या एकाचं काय? त्याच्याकडे त्या पेशीला लागणाऱ्या जनुकाचं योग्य रूपच नव्हतं. छत्तिसावा माणूसही काहीतरी शिकवून गेला.

आम्हाला हा निकाल थायलंडच्या ३१ टक्क्यांपेक्षा मोलाचा वाटतो. आणि तरीही इथे टाळ्या वाजवून थांबता येणार नाही. पेशी जागी होणं म्हणजे संरक्षण नव्हे. त्यानंतर दुसरी, तिसरी, कदाचित चौथी वेगळी लस देत त्या पेशीला शेवटपर्यंत न्यायचंय, आणि एकच नव्हे, तर काट्याच्या निरनिराळ्या भागांसाठी अशा अनेक पेशींना. एमआरएनएच्या रूपात याच मालिकेतल्या लशी दिल्या तेव्हा काही स्वयंसेवकांच्या अंगावर पित्त उठलं, आणि का ते अजून शोधावं लागतंय. जनुकाचं ते रूप कोणत्या समाजात किती आढळतं, हा प्रश्न तर भारतासारख्या देशाने स्वतःच विचारायला हवा. दुसरं कुणी आपल्यासाठी विचारणार नाही. आणि चार वेगवेगळ्या लशी ठरलेल्या क्रमाने गडचिरोलीच्या उपकेंद्रात कशा पोचणार, हे आजच विचारलेलं बरं.

शिवाय सगळी भिस्त पुन्हा एकाच पत्त्यावर चालली आहे, ही आमची खरी हरकत. ओरेगॉनमध्ये लुई पिकर यांच्या गटाने सायटोमेगॅलोव्हायरसच्या पाठीवरून दिलेल्या लशीने जवळपास निम्म्या माकडांनी झालेला संसर्ग आवरला आणि पुढे पुसूनही टाकला. ही टी-पेशींची वाट. २००७ नंतर टी-पेशी म्हटलं की लोक नाक मुरडू लागले. पण 'स्टेप'मध्ये नापास झाली ती एक लस. टी-पेशींच्या कल्पनेची परीक्षा तिथे झालीच नव्हती.

आता सगळा पटच बदलणारी गोष्ट. जून २०२४ मध्ये लेनाकापाविर या औषधाच्या चाचणीचा निकाल आला. वर्षातून दोनदा इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींना ते दिलं आणि एकीलाही संसर्ग झाला नाही. शून्य. स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. मग लस हवी कशाला, असं आता विचारलं जातंय.

आमचं उत्तर असं. ते औषध घेण्यासाठी माणसाला आधी 'मला धोका आहे' असं कबूल करावं लागतं, कुणाला तरी सांगावं लागतं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा जावं लागतं. आपल्याकडे नवऱ्याकडून संसर्ग झालेल्या कितीतरी बायकांना धोका आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी रांगेत उभं राहायचं ते कशाच्या आधारावर? लस शाळेत टोचता येते, कुणाच्या वागण्याबद्दल काही न विचारता. हा फरक छोटा नाही. जगात २०२४ मध्ये सुमारे १३ लाख नवे संसर्ग झाले, गोळ्या उपलब्ध असतानाही.

पण लशीच्या चाचण्या मात्र आता पूर्वीसारख्या करता येणार नाहीत. इतकं चांगलं औषध हाताशी असताना ते स्वयंसेवकांना न देणं अनैतिक, आणि दिलं तर संसर्ग इतके कमी होतील, की लशीचा परिणाम मोजायला कितीतरी जास्त माणसं लागतील. म्हणजे 'टोचून बघू, काय होतं ते' हा मार्ग आपोआपच बंद झाला. छोट्या, नेमक्या प्रश्नांच्या, रक्त आणि लसिकाग्रंथींतल्या पेशी तपासत जाणाऱ्या चाचण्या हाच रस्ता उरतो. चाळीस वर्षांपूर्वी जे निवडायला हवं होतं ते आता सक्तीचं झालं आहे.

आणि नेमक्या याच वेळी पैसा आटतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या नेतृत्वाखाली आफ्रिकी संशोधकांनी स्वतः उभारलेला 'ब्रिलियंट' हा लस प्रकल्प थांबवावा लागला. मे महिन्याच्या अखेरीस ड्यूक आणि स्क्रिप्स इथल्या दोन संशोधन गटांना कळवण्यात आलं, की त्यांचं अनुदान पुढे चालणार नाही. वर सांगितलेलं मूळ पेशी जागी करण्याचं काम बऱ्याच अंशी याच दोन गटांच्या आधाराने उभं आहे. शंभर माणसांच्या चाचणीला सोळा हजारांच्या चाचणीइतका पैसा लागत नाही, पण तो दरवर्षी, न चुकता लागतो. एका चाचणीतल्या पेशींवरून पुढची लस आखायची असते, आणि ते हात एकदा पांगले की पुन्हा जमवायला वर्षं जातात. भोसरीला आणि चेन्नईला अशा चाचण्यांचा अनुभव आहे, 'सी' उपप्रकाराचे रुग्ण आपल्याकडे आहेत, आणि लस बनवणारे कारखाने तर पुण्यातच आहेत. जनुकाच्या रूपांचा तो भारतीय अभ्यास इथे सुरू करायला कोणाच्या परवानगीची वाट बघायची, हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे उघडाच ठेवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.